मे महिन्यात गावी का जाता?

दरवर्षी एप्रिल संपत आला की आमच्या ऑफिसात नि बिल्डिंगमध्ये एकच विषय, सुट्टीत कोण कुठे चाललं. कोणी महाबळेश्वर म्हणतं, कोणी जवळ पडतं म्हणून तोरणमाळ, आणि आम्ही गावी जातोय म्हटलं की लगेच, अगं पोरी लहान आहेत, ४५ डिग्रीत कशाला नेतेस, त्यापेक्षा इथे जळगावात एसी लावून बसा ना. काळजीनंच म्हणतात, मला वाईट नाही वाटत. पण माझं मत पक्कं आहे. पोरींना ऋतू कळायचे असतील तर त्यात त्यांच्या हाताला काहीतरी काम पाहिजे, नुसतं खिडकीतून ऊन नि पाऊस दाखवून काही होत नाही.

थोरली तिसरीत आहे, धाकटी सिनियर केजीत. सासर अमळनेर तालुक्यात तापीच्या काठाला, आणि माहेर नदी ओलांडली की पलीकडे चोपडा तालुक्यात, त्यामुळे माझं सगळं आयुष्य एका नदीच्या दोन बाजूंना आहे म्हटलं तरी चालेल. मधल्या सुट्ट्या, सणवार, जमेल ते शनिवार-रविवार, सगळं गावी.

उन्हाळ्याचंच आधी सांगते कारण तोच आमच्याकडे सगळ्यात मोठा. शाळेला सुट्टी लागायच्या आधीच सासूबाईंचा फोन येतो, गहू भिजू घालू का. म्हणजे कुरडयांचे. तीन दिवस गहू भिजतात, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी अंगणात तो आंबूस वास सुटतो, धाकटी नाक दाबून घंगाळाभोवती फिरत असते पण लांब काही जात नाही. मग गहू वाटायचे, पिळून पिळून चोथा वेगळा करायचा, गाळलेलं पाणी रात्रभर ठेवून द्यायचं, सकाळपर्यंत खाली पांढरा चीक बसतो आणि वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. हे ओतायचं काम मागच्या वर्षी थोरलीनं केलं. पातेलं आजीनं तिरकं धरलं होतं, थोरली वाटीवाटीनं पाणी काढत होती, आणि खालचा चीक हलू नये म्हणून तिनं श्वास धरून ठेवलेला मला ओट्यावरून दिसत होता. घरी साधं दप्तर भरताना चार वेळा हाक मारावी लागते हिला.

चीक शिजवायचा तो पहाटे, ऊन चढायच्या आत, नाहीतर चुलीपुढे उभं राहवत नाही. शेजारच्या काकू, चुलत सासूबाई, सगळ्या एकमेकींकडे आळीपाळीनं जातात, आज हिच्या कुरडया उद्या तिच्या. गरम चीक वाटीत घालून वर तेल टाकून पोरींना मिळतो, नि त्या एका वाटीसाठी ह्या दोघी कोणी न उठवता पहाटे उठून बसतात. मग सोऱ्या घेऊन सगळ्या गच्चीवर. जुन्या साड्यांवर कुरडया घालायच्या, शेजारच्या साडीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, धाकटीकडे काठी देऊन तिला चिमण्या-कावळे हाकलायला बसवायचं. ती ड्युटी ती फार मनापासून करते. नऊ वाजले की मात्र सगळ्या पोराटोरांना खाली आणून घरात कोंडायचं, माठातलं पाणी, कैरीचं पन्हं, कूलर, पत्ते, झोप, आणि दुपारी बाहेर पाय टाकायचा नाही म्हणजे नाही. लोकांना वाटतं आम्ही पोरींना उन्हात सोडून देतो, तसं अजिबात नसतं, गावातली माणसं उन्हाला शहरापेक्षा जास्त मान देतात. सकाळ आणि संध्याकाळ कामाची, दुपार झोपायची. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, तो दोघींचा सगळ्यात आवडता कार्यक्रम, पाणी कमी नि अंगावर जास्त, पण पाण्याच्या टंचाईचं वर्ष असलं की आबा, म्हणजे माझे सासरे, बादली मोजून देतात आणि त्या बादलीतच भागवतात. रात्री ओळीनं गाद्या पडतात. पहाटे पहाटे इतका गार वारा सुटतो की गोधडी लागते, मे महिन्यात, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

आखाजीला मी माहेरी असते. खान्देशात अक्षय तृतीयेला लेकींनी माहेरी यायचंच, कितीही अडचण असो, आणि माझी नणंद त्याच वेळी सुरतहून इकडे सासूबाईंकडे आलेली असते त्यामुळे तिकडे तक्रारीला जागाच नाही. मातीची घागर भरायची, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, आंबे, सांजोऱ्या, पितरांना नैवेद्य, दुपारी खापरावरची पुरणपोळी नि आमरस. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, वर्षही आखाजीलाच संपतं नि नवीन सुरू होतं, त्यामुळे बाहेर ओट्यावर माणसांची वेगळीच बोलणी चाललेली. पोरींना त्याच्याशी काय घेणं, त्यांना निंबाचा झोका. माझ्या भावानं त्याच निंबाला दोर बांधलाय ज्याला आमच्या लहानपणी वडील बांधायचे. माझ्या वयाच्या मैत्रिणी पण आलेल्या असतात, त्या झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात आणि थोरली सुरुवातीला लाजून लांब उभी राहते, मग हळूच शेवटची ओळ उचलते. एवढ्याचसाठी मी वर्षभर रजा साठवून ठेवते.

माहेरी केळी आहेत. आखाजीनंतर जे वादळी वारे सुरू होतात त्या दिवसांत केळीवाल्यांच्या घरात कोणी धड बोलत नाही, उभी बाग तासाभरात आडवी होते. गेल्या वर्षी रात्री जेवायला बसलो नि वारं सुटलं, भाऊ एक घास खायचा आणि दाराकडे बघायचा, पुन्हा एक घास, पुन्हा दाराकडे. धाकटीनं विचारलं मामा कोण येणारे. कोणी काही बोललं नाही, वहिनीनं तिच्या ताटात भात वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाबरोबर दोघी बागेत गेल्या, दोन-चार झाडं पडली होती फक्त, बाकी बाग उभी होती, नि परत येताना धाकटी मामाच्या खांद्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगत होती की आमच्या केळी उभ्या आहेत.

जून म्हणजे शाळा, रेनकोट, वह्यांना कव्हरं, जळगावातले खड्डे. त्यात काही विशेष नाही, सगळ्यांच्याच घरी तेच असतं.

पाऊस नीट लागला की मात्र रोज संध्याकाळी मोबाईलवर तापीवरच्या हतनूर धरणाची बातमी शोधायची, किती दरवाजे उघडले. हतनूरला ४१ दरवाजे आहेत हे थोरलीला पाढ्यांच्या आधी पाठ झालंय. वर मध्य प्रदेशात नि पूर्णेच्या बाजूला विदर्भात पाऊस झाला की इथे एक थेंब नसतानाही तापी फुगते, ही गोष्ट तिला फार गूढ वाटायची, आपल्याकडे ऊन पडलंय मग पाणी कुठून आलं. आबांनी तिला काठावर नेलं, गढूळ लाल पाणी बघत दोघं किती वेळ उभे होते. तिनं विचारलं पाणी पुढे कुठे जातं, आबा म्हणाले उकाईच्या धरणात नि तिथून सुरतला. सुरतला म्हणजे आत्याकडे? हो, आत्याकडेच की. झालं. तेव्हापासून पूर आला की दोघी आत्याला व्हिडिओ कॉल लावतात, आत्या पाणी पाठवलंय आम्ही. नणंद सुरतेत उधन्याला राहते, खान्देशातली निम्मी माणसं तिथेच राहतात असं वाटावं इतकी आपली वस्ती आहे तिकडे. लग्न होऊन गेली तेव्हा जळगाव-अमळनेर-नंदुरबार करत जाणाऱ्या गाडीत बसून खूप रडली होती म्हणे. आता तिला भाच्या पाणी पाठवतात, तेव्हाही फोनवर तिचा आवाज जरा बदलतोच.

पोळ्याला मातीचे बैल, गणपतीत आरत्या, आणि मग भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. हा महिना पूर्ण पोरींचा. आमच्या कॉलनीत हे बंद पडत आलं होतं, ट्यूशन नि टीव्हीपुढे कोणाला वेळ नव्हता, मग आम्ही तीन-चार आयांनी मिळून पुन्हा सुरू केलं. मातीच्या भुलाबाई-भुलोजी आणायच्या, रोज एकीच्या घरी जायचं, टिपऱ्यांवर गाणी, आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा कानाशी धरून हलवायचा, आवाजावरून सांगायचं गोड की तिखट, ओलं की कोरडं. आपल्या घरची पाळी असली की धाकटी सकाळपासून मला सांगत असते की मम्मी कोणाला ओळखूच येणार नाही असं काहीतरी कर. मी एकदा साबुदाण्याची खिचडी डब्यात इतकी दाबून भरली की आवाजच येईना, पोरी हरल्या, आणि धाकटीच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो बघायला ऑफिसातून धावत घरी येणं वसूल झालं.

दिवाळीत कापूस. वेचणीला बायका किलोवर येतात, त्यांचे हात इतके भरभर चालतात की बघत राहावं. थोरलीनं हट्टानं ओढणीची ओटी बांधून घेतली नि एक पूर्ण ओळ वेचली, वाळलेल्या बोंडाची टोकं बोटाला टोचतात, नखाच्या कडेला रक्त आलं तरी सोडलं नाही. आबांनी इतरांसारखाच तिचाही कापूस काट्यावर ठेवला, वहीत तिचं नाव लिहिलं नि त्या भावानं जेवढे होतात तेवढेच पैसे हातावर ठेवले, एक रुपया जास्त नाही. मला हे फार आवडलं. लाडानं शंभराची नोट दिली असती तर त्या कामाची किंमत तिला कळली नसती. ते पैसे तिनं खर्च केले नाहीत, कंपासपेटीत आहेत अजून.

थंडीत भरीत, ते सांगायला नको. शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवायच्या, त्यावर ती मोठी हिरवट-पांढरी वांगी, साल जळून काळी पडली की पोरांनी सोलायची, बोटं चटके खातात म्हणून मधे मधे पाण्यात बुडवायची, मग मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि केळीच्या पानावर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. धाकटी तिखट खात नाही तर तिच्यासाठी मिरची घालायच्या आधी एक मूद वेगळी काढतात. होळीला दोघींच्या गळ्यात साखरेचे हार, हातात कंगन, पोटात सगळं संध्याकाळपर्यंत.

श्रावणातलं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण ते असं ओघात सांगून होण्यासारखं नाही.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी सजवायची, रात्रभर गाणी-फुगड्या, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. त्यासाठी रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू आधी मोजून काढतात, आणि आमच्या घरची रीत अशी की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. आजेसासऱ्यांपासून चालत आलेलं. माझं लग्न झाल्यापासून मी बघतेय, सासूबाई सुपात मुठी टाकायच्या नि तोंडानं नावं घ्यायच्या, आबांचं, यांचं, दिराचं, दिराच्या मुलाचं. थोरली झाली तेव्हा कोणी काही म्हणालं नाही, धाकटी झाली तेव्हा एकदोन बायका मात्र म्हणाल्या की आता पुढच्या वेळी तरी कानबाई मूठ वाढवू दे. मी काही बोलले नव्हते, पण आत लागलं होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, धाकटी तेव्हा नुकती पळायला लागलेली. मुठी टाकून झाल्या, मी सूप उचलायला वाकले तर सासूबाईंनी माझा हात धरला, पुन्हा पोत्यात हात घातला, आणि थोरलीचं नाव घेऊन सव्वा मूठ, धाकटीचं नाव घेऊन सव्वा मूठ टाकली. चुलत सासूबाई म्हणाल्या अगं हे कसं. तर शांतपणे म्हणाल्या, "ह्या बी घरन्याच शेतस." ह्याही घरच्याच आहेत. एवढंच. ना भाषण ना वाद. चौथीपर्यंत शिकलेली बाई, आयुष्यात कधी कोणाच्या रीतीला हात लावलेला नाही.

गेल्या श्रावणात थोरली शेजारीच बसली होती, आता तिला सगळं समजतं. आपलं नाव आलं, बहिणीचं आलं, ते ऐकून खूश झाली आणि मग एकदम म्हणाली, आजी मम्मीची मूठ राहिली. सासूबाई क्षणभर थांबल्या, माझ्याकडे बघितलं, नि टाकली. मग थोरलीनं विचारलं आणि तुझी? तुझी कोण टाकणार? उत्तराची वाट न बघता तिनं दोन्ही हात पोत्यात घातले. तिची मूठ केवढीशी, सव्वा कशी मोजायची तेही माहीत नाही, म्हणून ओंजळभरच गहू काढले नि आजीचं पूर्ण नाव घेऊन सुपात टाकले, शाळेत घेतात तसं, आजोबांच्या नावासकट. सासूबाईंना आपलं पूर्ण नाव कोणी मोठ्यानं घेतलेलं बहुतेक किती वर्षांनी ऐकू आलं असेल, त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. चुलत सासूबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी आमच्याकडे पण मोजायला पाठव हिला.

पीठ अर्थातच जास्त झालं. रोटाचं पीठ भाऊबंदांतच संपवायचं असतं आणि तेही पौर्णिमेच्या आत, त्यामुळे आम्ही जळगावला परत येताना डबा भरून घेऊन आलो नि रोज सकाळ-संध्याकाळ त्याच पोळ्या, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी नि खीर. पोरींचे पप्पा म्हणाले पुढच्या वर्षी पोतं थोडं मोठं आणावं लागेल. ते आबांना आधीच सांगून ठेवलंय.