विंचेस्टरमध्ये गाणं कुठे ऐकायचं

मंगळवार, रात्र

बाबांचा फोन झाला. जेवलीस का, थंडी किती, आणि मग ठरलेला प्रश्न: "तिकडे गाणं ऐकायला मिळतं की नाही?" मिरजेत जन्म काढलेला माणूस. अंबाबाईच्या देवळातलं नवरात्रातलं गाणं आणि मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी सभा, ही त्यांची वर्षाची दोन टोकं. मलाही लहानपणापासून तीच सवय लागलेली. सतरंजीवर जागा मिळेल तिथे बसायचं, झोप आली की आईच्या मांडीवर, आणि जाग आली तरी गाणं चालूच.

"शोधतेय," म्हणाले. पण खरं सांगायचं तर मी शोधणं सोडूनच दिलं होतं. हे गाव जेमतेम पन्नास हजारांचं. लंडन रेल्वेनं तासाभरावर, साउदॅम्प्टन वीसेक मिनिटांवर, त्यामुळे चांगलं काही ऐकायचं तर लोक सरळ गाडी पकडतात. आल्या आल्या एका पबमध्ये गेले होते. कोपऱ्यात एक मुलगी गिटार घेऊन जीव ओतून गात होती आणि तिच्या डोक्यावरच्या टीव्हीवर फुटबॉल चालू होता. दोन गाण्यांनंतर टाळ्या वाजवणारी मी एकटीच. मला ते बघवेना, उठून आले. तिचं शेवटपर्यंत ऐकायला हवं होतं, हे आजही मनाला लागून आहे.

गुरुवार

सकाळची पाळी संपवून घरी न जाता कॅथेड्रलमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चमध्ये गेले. साडेपाचला ईव्हनसाँग, म्हणजे संध्याकाळची गायलेली प्रार्थना. तिकीट नाही, तुमचा धर्म कोणी विचारत नाही. ही वास्तू लांबीला सुमारे १७० मीटर. एवढ्या मोठ्या जागेत आपण हरवून जाऊ असं वाटलं होतं, पण दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी हाताला धरल्यासारखं नेलं आणि थेट आत, गायकांच्या शेजारच्या लाकडी आसनांत बसवलं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं कोरीवकाम. हात टेकायची कड इतक्या जणांच्या हातांनी घासून गुळगुळीत झालेली, आमच्या देवळातल्या उंबऱ्यासारखी.

गाणारे समोरासमोर दोन रांगांत. स्तोत्राचा एक चरण या बाजूनं, पुढचा त्या बाजूनं. वारकऱ्यांचं भजन डोळ्यांपुढे उभं राहिलं, फक्त टाळ-मृदंग नाही. माझ्या अगदी पुढ्यात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता. पानाची कड बोटानं आधीच उचलून धरलेली, नजर मात्र संचालकाच्या हातावर. श्वास घेताना त्याचे खांदे हलत नव्हते. एवढ्या वयात हे बसायला किती रियाज लागला असेल! शेवटचा सूर सुटला आणि वर छताशी बराच वेळ रेंगाळला. तो पुरता विरेपर्यंत कोणी कागदसुद्धा हलवला नाही. दाद म्हणतात ती हीच. टाळी नसली म्हणून काय झालं.

शेवटी ऑर्गन वाजला, चर्चमधला तो मोठ्या नळ्यांचा. हे वाद्य हेन्री विलिसनं १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी बांधलेलं. तेव्हाचे इथले ऑर्गनवादक सॅम्युअल सेबॅस्टियन वेस्ली यांनी आग्रह धरला म्हणून त्याचा बराचसा भाग विकत घेतला गेला आणि १८५४ मध्ये इथे वाजू लागला. पुढे त्याची पुष्कळ डागडुजी आणि वाढ झाली. खालचे सूर कानांआधी तळपायांना कळतात.

शुक्रवार, रात्री उशिरा

आज रेल्वे इन नावाचा पब. स्टेशनच्या अगदी लगत, रोज कामाला जाताना मी त्याच्यावरून जाते आणि कधी आत डोकावले नव्हते. वॉर्डातला एक सहकारी म्हणाला, बारपाशी थांबू नकोस, मागच्या बार्नमध्ये, म्हणजे गाण्याच्या खोलीत जा. गेले. छोटी काळोखी खोली, मंच गुडघ्याएवढाही उंच नसेल. बँड नवखा, नाव मी पहिल्यांदाच ऐकलेलं. ड्रमर मुलगी सुरू करण्याआधी स्नेअर नावाच्या छोट्या ड्रमवर बोट आपटून, कान खाली नेऊन, किल्लीनं एकेक खिट्टी अर्धी-पाव फिरवत होती. तबल्यावर हातोडी चालते तसंच अगदी. लोक गप्प होऊन तिच्याकडे बघत होते. तेव्हाच वाटलं, इथे ऐकायला आलेली माणसं आहेत, आपण बरोबर जागी आलो.

गिटारवर गाणारा फ्रँक टर्नर इथून जवळच्या मीयनस्टोक गावात वाढला. आज मोठमोठ्या सभागृहांत गातो, पण २०२० च्या टाळेबंदीत घरून ऑनलाइन गाऊन त्यानं छोट्या जागांसाठी पैसे उभे केले. साउदॅम्प्टनचं जॉइनर्स त्यातलंच एक. अशाच खोल्यांत गात तो मोठा झाला, म्हणून त्याला त्यांची किंमत.

रविवार

सुट्टी. कॅथेड्रलच्या उत्तरेच्या हिरवळीवर विटांची एक आखणी आहे. जुन्या मिन्स्टरचा, म्हणजे कॅथेड्रलआधी इथे असलेल्या चर्चचा हा नकाशा. ते १०९३ मध्ये पाडलं. त्या विटांवरून चालत एक फेरी मारली. साधारण इसवी सन १००० च्या सुमारास इथल्या मठातल्या लोकांनी दोन आवाजांत एकत्र गाण्याच्या रचना लिहून ठेवल्या, दीडशेहून अधिक. ‘विंचेस्टर ट्रोपर’ म्हणून ती हस्तलिखितं आज केंब्रिज आणि ऑक्सफर्डला जपलेली आहेत. युरोपात इतक्या जुन्या अशा रचनांचा एवढा मोठा संग्रह दुसरा नाही. आणि याच जागी असलेल्या ऑर्गनबद्दल वुल्फस्टन नावाच्या इथल्या गायक-साधूनं कवितेत लिहिलंय: ४०० नळ्या, भाते मारायला ७० माणसं, आवाज गावभर, जवळ येणारे कानांवर हात ठेवायचे. कवितेतले आकडे, थोडे फुगलेले असतील. पण आवाज मोठा होता हे नक्की.

आज गाण्याच्या खोल्यांशेजारी नवी घरं उठतात, आवाजाच्या तक्रारी होतात आणि इंग्लंडात कितीतरी छोट्या जागा अशानंच बंद पडल्या. २०१८ पासून इथल्या नियोजनाच्या धोरणात म्हटलंय की नंतर बांधायला येईल त्यानंच आवाज अडवण्याची सोय करायची. योग्यच आहे. गाणं आधीपासून होतं, घर मागून आलं.

बाबांना सगळं सांगितलं. दोन रांगांतलं गाणं, लहान मुलाचे न हलणारे खांदे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आणि ती गिटारवाली पोरगी? ती परत कुठे गातेय का बघ."

पुढच्या शुक्रवारी माझी दुपारची पाळी आहे. बदलून मिळते का, उद्या सकाळी विचारते.