नाव ठेवा, ठिकाण काढा

ऑनलाइन कोशाचं काम म्हणजे लेख लिहिणं, असं लोकांना वाटतं. लिहिण्यात सगळ्यात कमी वेळ जातो. खरा वेळ जातो तो एकाच माणसाची वेगवेगळ्या स्पेलिंगांनी झालेली चार पानं एक करण्यात आणि दोन ख्रिस्ती मंडळ्यांचं भांडण लागलं की दोघांचंही म्हणणं नीट नोंदवण्यात. दहा आज्ञांचंच घ्या. ‘खून करू नको’ ही आम्हा प्रॉटेस्टंटांची सहावी आज्ञा, कॅथलिकांची पाचवी. स्तोत्रांचंही तसंच. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे आपण तेविसावं म्हणून पाठ करतो, जुन्या लॅटिन बायबलात ते बाविसावं आहे. हे माहीत नसलेला स्वयंसेवक दुसऱ्याचा आकडा दुरुस्त करतो, दुसरा तो परत फिरवतो, आणि शनिवारी मी दोघांना फोन लावत बसते.

मी सोलापूरची. छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता केस पांढरे झाले. आता ख्रिस्ती धर्माचा, सगळ्यांनी मिळून लिहायचा मराठी ऑनलाइन कोश सांभाळते. पान कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं. आम्ही मोजकी माणसं प्रचालक म्हणून लक्ष ठेवतो. नगर, वसई, नाशिक, मिरज, सगळीकडून लोक लिहितात. केतकरांचा ज्ञानकोश १९२०च्या दशकात एका माणसाच्या जिद्दीवर उभा राहिला. वाईच्या विश्वकोशात नोंदीखाली जाणकाराचं नाव असतं. आमच्या पानाखाली नाव नसतं, पानामागे इतिहास असतो. कोणता शब्द कुणी कधी घातला, कुणी काढला, प्रत्येक आवृत्ती साठून राहते. या सोयीचा मला अभिमान आहे. त्या शनिवारी तीच आडवी आली.

आधी आमच्याकडे काय येतं ते सांगते. मोठा भाग चर्चच्या इमारतींचा. कोनशिला कुणी बसवली, वर्धापनदिनाला पाहुणे कोण होते, कमिटीवर कोण होतं. पाळकसाहेबांनी पाठवलेला लेख बहुतेक वेळा रविवारचा उपदेशच असतो. त्यात मी ‘ख्रिस्ती श्रद्धेनुसार’ एवढं घातलं की ते दुखावतात. “म्हणजे बाई, तुमचा विश्वास नाही का?” माझा विश्वास आहे. पण कोश वाचणारा हिंदू असेल, मुसलमान असेल, काहीच न मानणारा असेल. आपण काय मानतो ते त्याला कळावं, एवढंच कोशाचं काम. मानायला लावायला चर्चचं व्यासपीठ आहे.

आणि मिशनऱ्यांबद्दल स्रोत हवे तेवढे. अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था १८१०ची, त्यांची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली, १८३१ साली नगरला आली, पुढे सोलापूरला. दरवर्षीचे अहवाल बोस्टनला जायचे. कोणत्या साहेबाला कधी ताप आला, मडमबाई हवापालटाला कुठे गेल्या, हेसुद्धा त्यात सापडतं. पण घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवणारी बायबल-बाई? ‘आमची एक विश्वासू बायबल-बाई.’ संपलं. केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं, आणि ते छापलं मुक्तिसदन या त्यांच्या आश्रमातल्या बायकांनी, तिथल्याच छापखान्यात. रमाबाईंचं आमचं पान लांबलचक आहे. खिळे जुळवणाऱ्या बायकांचं पान मी कितीदा सुरू करून सोडून दिलं. जन्मभर मुद्रितं वाचलेल्या बाईला हे फार लागतं.

म्हणून आमच्यातल्या एका तरुण स्वयंसेवकाला बाप्तिस्म्याचं एक जुनं रजिस्टर बघायला मिळालं तेव्हा मला आनंदच झाला. मुलगा इंजिनिअरिंगचा. साचे आणि माहितीचौकटी, म्हणजे पानाच्या कडेला थोडक्यात माहिती देणाऱ्या चौकटी, बनवायची त्याला भारी हौस. माणूस कोण हे कळायच्या आधी त्याची चौकट तयार असते. पण फोटो त्याने मी शिकवले तसे काढले. फ्लॅश नाही. खिडकीचा उजेड एका बाजूने घ्यायचा, म्हणजे पुसट अक्षराची दाबखूण उठून दिसते. पान सपाट करायला हाताने दाबायचं नाही, मधल्या शिवणीखाली घडी केलेला टॉवेल द्यायचा. जुन्या शाईने कागद मागपर्यंत खाल्लेला असतो, म्हणून खाली पांढरा कोरा कागद सरकवायचा, नाहीतर मागच्या पानाची अक्षरं भोकांतून डोकावतात आणि मोडी वाचणारा फसतो.

रकाने असे होते: अनुक्रमांक, नाव, वय, नवऱ्याचे किंवा बापाचे नाव, पूर्वीची जात, राहण्याचे ठिकाण, बाप्तिस्मा देणारा. एका बाईच्या नावापुढे ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘सेटलमेंट’. आणि समासात, वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताने: ‘वस्तीच्या शाळेत शिकवते. बायबल-बाई.’

सोलापूरकरांना सेटलमेंट सांगावी लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना सरसकट गुन्हेगार ठरवलं; पोर जन्माला आलं की गुन्हेगार. पुढे हा कायदा आणखी कडक झाला. त्याखाली तारांच्या कुंपणात वसाहती केल्या, सोलापूरची त्यातली मोठी. रोजची हजेरी, बाहेर जायला पास, आणि कामाला कापडाच्या गिरण्या. काही काळ तिची व्यवस्था त्याच अमेरिकन बोर्डाच्या मराठी मिशनकडे होती. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला. लोकांच्या तोंडातून तो अजून रद्द झालेला नाही.

मुलाने त्या बाईचं पान केलं. नाव, चौकट, समासातली ओळ, रजिस्टरच्या पानाचा फोटो.

शनिवारी सकाळी एक आजीबाई रिक्षाने आल्या. मी त्यांना मावशी म्हणते. ऐंशीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका, पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. “सलाम. माझ्या आजीचं काहीतरी तुमच्याकडं आलंय म्हणे.” मी त्यांना खुर्ची दिली, पान उघडलं. त्यांनी चष्मा बदलला. चौकटीकडे बघितलंच नाही. फोटो मोठा करायला सांगितला आणि पडद्यावर बोट ठेवून शिक्षिकेच्या सवयीने एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. समासापाशी थांबल्या. परत वाचलं. मग म्हणाल्या, “शिकवत होती, शिकवत होती, असं आमच्या घरात सगळेच सांगायचे. लिहिलेलं आज बघायलेय.” पिशवीतून एक फोटो निघाला, डागाळलेला, कोपरा गेलेला: झाडाखाली पोरं मांडी घालून बसलीत, बाजूला नऊवारीतली बाई उभी, हातात पाटी. “हाही लावा,” म्हणाल्या.

मी संमतीचा कागद काढला. आमच्या कोशाचा परवाना खुला आहे. नाव देऊन कुणीही मजकूर उचलावा, बदलावा, पुढे द्यावा. तो समजावून सांगितल्याशिवाय मी सही घेत नाही. समजावत होते तेवढ्यात त्यांचा भाचा आला, भावाचा मुलगा.

त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी पान टाकलं होतं, तिथे त्याने बघितलं. मुलीची बोलणी चालू आहेत. आडनाव जरा वेगळं, टाकलं की आमचंच पान पहिलं येतं. “मॅडम, पणजीनं हजेरी दिली. आजोबांनी लहानपणी दिली. आता माझ्या पोरीनं इंटरनेटवर द्यायची का?”

मावशी म्हणाल्या, “मग लपवायचं काय रे? चोर होती का ती?”

“नव्हती. म्हणूनच म्हणतोय, आत्या.”

“तिचं नाव जगात दुसरीकडं कुठं नाही.”

“नाव राहू दे की. नाव ठेवा, ठिकाण काढा.”

मग दोघंही माझ्याकडे बघू लागले.

जातीच्या रकान्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. तो फोटोत झाकायचाच, असं मी त्या मुलाला आधीच बजावलं होतं आणि त्याने तो झाकला होता. कारण साधं आहे. १९५०च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला, १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती झालेल्यांना तो नाही. एवढ्या वर्षांपूर्वी कुण्या पाळकाने भरलेला रकाना आज कुणाच्या जातपडताळणीत काय उलथापालथ करील, हे कोशाने ठरवू नये. पण ठिकाणाचं काय करायचं, याचा नियम आमच्याकडे नव्हता.

मी नियम वाचून दाखवले, कारण हातात दुसरं काही नव्हतं. हयात खासगी व्यक्तींची माहिती द्यायची नाही. ती बायबल-बाई तर हयात नाही. माहितीला स्रोत हवा. स्रोत आहे, रजिस्टर. घरच्यांच्या सांगण्यावरून खरी माहिती काढायची नाही, नाहीतर उद्या प्रत्येक पाळकाचा नातू येऊन आजोबांचे वाद पुसायला लावील. हा शेवटचा नियम मीच आग्रहाने करून घेतलेला आहे आणि तो योग्य आहे. अशी पुसायला आलेली माणसं मी पाहिलीत, आणि ती सगळी मोठ्या घरची होती. या भाच्याला मात्र मी त्या रांगेत उभं करू शकत नव्हते. त्याला काही मोठेपणा राखायचा नव्हता. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत तारेचं कुंपण येऊ नये, एवढंच तो मागत होता.

दुपारी जे केलं ते सांगते. ओळ नुसती खोडून भागत नाही. इतिहासात जुनी आवृत्ती एका टिचकीवर असते. म्हणून आधी ओळ काढली, मग ती ओळ असलेली प्रत्येक आवृत्ती एकेक करून लपवली. आवृत्ती लपवताना तीन खुणा वेगवेगळ्या करता येतात: मजकूर, बदलाचा सारांश, बदल करणाऱ्याचं नाव. सारांश लोक विसरतात, आणि मुलाने सारांशातच ‘सेटलमेंटमधील शिक्षिका’ असं लिहिलेलं होतं. फोटोची फाइल काढून टाकली. शोधयंत्रात जुनी प्रत राहू नये म्हणून तिथे अर्ज केला. आणि भाच्याला स्पष्ट सांगितलं, की मधल्या दिवसांत कुणी पान उतरवून घेतलं असेल तर ते माझ्या हातात नाही. त्याने मान डोलावली, “सलाम” म्हणाला आणि आत्यांना स्कूटरवरून नेतो म्हणाला. मावशींनी रिक्षाच मागवली. फोटो पिशवीत परत गेला. कागदावर सही झाली नाही.

सेटलमेंटवर आमचं वेगळं पान आहे. कायदा, कुंपण, गिरण्या, मिशनची व्यवस्था, शाळा, सगळं आहे, एकही नाव न घेता. रात्री मी ते पान वाचलं आणि मला त्याचा राग आला. व्यवस्था पाहणाऱ्या साहेबांची नावं त्यात सुखाने नांदतायत, कारण ती अहवालात छापलीत. आत शिकवणारी बाई पुन्हा ‘एक स्थानिक शिक्षिका’.

पुढची गोष्ट जास्त अवघड निघाली. ठिकाण गेल्यावर तिच्या पानात उरलं काय? नाव, आणि ‘शाळेत शिकवत असे’. कोणत्या शाळेत, का महत्त्वाचं, काही नाही. नगरच्या एका संपादकाने त्यावर वगळण्याची सूचना लावली: उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, स्रोत दिसत नाही. माणूस चोख आहे, आमच्यात सगळ्यात काटेकोर, आणि नियमाने त्याचं बरोबर आहे. स्रोत मीच लपवलाय. तो का लपवला हे पानाच्या खुल्या चर्चेत लिहायला गेले तर जे लपवलं तेच उघडं होतं. प्रचालकांना मी खासगीत कळवलं. एक म्हणाला, पान जाऊ दे, कुटुंबाला शांती मिळेल. दुसरीने विचारलं, कुटुंब म्हणजे कोण, भाचा की आत्या?

या प्रश्नाशी मी अडकलेय. दोघं एकाच बाईचे वारस आहेत. एकाला तिच्यामुळे पुढच्या पिढीला त्रास नको, दुसरीला तिला पुसायचं नाही. पुतळा असलेल्या माणसाच्या घरात असं भांडण झालं तरी पुतळा उभा राहतो. इथे एक रकाना झाकला की माणूसच जातो.

मावशींचा परवा फोन आला. भाच्याशी बोलणं झालंय म्हणाल्या. पोरीचं लग्न पार पडलं की ठिकाण परत घालायला त्याची हरकत नाही, तसं लिहून द्यायलाही तयार आहे. “पण लग्न लांबलं तर, बाई? मी तोवर असेन का?” मी म्हटलं, तुमची सही आणि फोटो आत्ताच माझ्याकडे द्या, मी तारीख घालून बंद पाकिटात ठेवते, आणि रजिस्टरच्या पानाची प्रत त्यासोबत. त्या म्हणाल्या, पाकीट नको, भाच्यासमोर देईन. बुधवारी दोघं येणार आहेत. वगळण्याच्या सूचनेची मुदत मंगळवारी संपते. तिथे मी ‘पान ठेवावे’ असं मत नोंदवलंय आणि कारणाच्या जागी लिहिलंय, की स्रोत अस्तित्वात आहे, तो मी स्वतः पाहिला आहे, आणि तो आज दाखवता येत नाही. आमच्या नियमांत अशा कारणाला किंमत नाही. तरी ते मी माझ्या नावाने लिहिलंय, आणि नगरच्या त्या संपादकाला आज रात्री फोन करणार आहे.