सरकारनं लावलं, सरकारच काढतंय

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमध्ये मराठी माणसांना तोटा नाही, पण इथं खाजण कुठंय असं विचारलं तर बहुतेक जण गोंधळतात. कायोटी हिल्सच्या टेकड्या ओलांडल्या की सॅन फ्रान्सिस्को खाडीचा चिखल लागतो. तिथं गेली वीसहून अधिक वर्षं एका गवताशी झुंज चालू आहे.

गवताचं नाव स्पार्टिना. मूळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं. 1970च्या दशकात लष्कराच्या इंजिनिअर खात्यानं अलामेडा क्रीकच्या मुखाशी ते मुद्दाम लावलं, खाजण पुन्हा उभं करायचं म्हणून! हेतू चांगलाच होता. पण इथल्या स्थानिक स्पार्टिनाशी त्याचा संकर झाला आणि संकरित पिढी दोघांपेक्षा दांडगी निघाली. स्थानिक गवत जिथं टिकत नाही अशा खोल, उघड्या चिखलातही ती घुसली. तिच्या दाट बुडख्यांत गाळ अडतो, पातळी चढते आणि ओहोटीला किडे-शिंपले टिपणाऱ्या पक्ष्यांचं ताटच जातं.

उपटून टाकायचं, तर संकरित कुठलं आणि देशी कुठलं हे नजरेला नेहमी कळत नाही. पानं प्रयोगशाळेत पाठवून डीएनए तपासावा लागतो. मग ओहोटी साधून, चिखलावरून सरकणाऱ्या एअरबोटीतून इमाझापायर नावाचं तणनाशक फवारतात. खाजणात तणनाशक हे मला आजही खटकतं. पण मुळं खणून चिखल उलथापालथा करणं त्याहून वाईट, हेही पटतं.

खरी पंचाईत वेगळीच. रिजवेज रेल हा आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला, नामशेष होण्याच्या वाटेवरचा पक्षी. त्यानं ह्याच उपऱ्या गवतात संसार थाटला होता. गवत झपाट्यानं हटलं तसे रेलही घटले. शेवटी 2011मध्ये काही ठिकाणी फवारणी थांबवावी लागली. आधी निवारा उभा करा, मग गवत काढा, असं ठरलं.

त्यामुळे आमच्यासारख्या हौशी स्वयंसेवकांना स्पार्टिनाला हात लावू देत नाहीत. आमच्याकडे काठावरचं किरकोळ तण काढणं आणि ग्रिंडेलियाची रोपं लावणं. पिवळ्या फुलांचं हे चिकट झुडूप पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, लावतात. डिसेंबर-जानेवारीच्या मोठ्या उधाणात सारं खाजण बुडतं, तेव्हा रेलला कोल्ह्यापासून आणि घारी-भोवत्यांपासून लपायला पाण्यावर डोकं काढणारी ही झुडपं लागतात. त्यामुळे रोपांमधलं अंतर मोजायला आलेली बाई आमच्यावर खेकसते, तेव्हा आम्ही निमूट ऐकतो.