आशिया कप, पण हॉकीचा

५ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

भारताने थायलंडला ११-० हरवलं. असल्या सामन्याबद्दल काय लिहायचं? गोल मोजून दमायला होतं आणि शेवटी शेवटी थायलंडच्या गोलरक्षकाबद्दलच वाईट वाटायला लागतं. तरी स्पर्धेचा पहिला दिवस म्हणून नोंद. महिलांचा आशिया कप, चीनमध्ये हांगझोऊला. जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या वर्ल्ड कपचं थेट तिकीट. बाकीच्यांना पात्रता फेरीच्या रांगेत उभं राहायचं आहे.

माझी खरी काळजी वेगळी. सविता पुनिया आणि दीपिका दोघी दुखापतीमुळे नाहीत. सविता नाही म्हणजे गोलमध्ये बिचू देवी आणि बन्सरी सोलंकी. बिचू चपळ आहे, तिची मला भीती नाही. पण दीपिका? गेल्या नोव्हेंबरात राजगीरला एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली तेव्हा एकटीने ११ गोल केले होते, फायनलचा एकुलता एक गोलही तिचाच, आणि तोही चीनविरुद्ध. ती नाही म्हणजे पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे बचाव चुकला की मिळणाऱ्या गोलच्या संधीला, धाक कोणाचा?

यादी वाचताना दोन नावांवर थांबले. वैष्णवी फाळके. ऋतुजा पिसळ. दोघी सातारा जिल्ह्यातल्या.

७ सप्टेंबर, रविवार

झोप नाही. काल अनंत चतुर्दशी, आमच्या गल्लीतून रात्रभर मिरवणुका, आणि आज दिवसभर एकच चर्चा, लालबागचा राजा चौपाटीवर अडकला. भरतीमुळे तराफ्यावर चढवता येईना. गिरगावात राहून त्या गर्दीतून दूध आणायला जाणं हाही एक खेळच आहे.

त्यामुळे कालचा जपानचा सामना आज दुपारी रेकॉर्डिंगवर पाहिला. २-२ बरोबरी. तिसाव्या मिनिटाला ऋतुजाने गोल केला, पण पुन्हा मागे पडलो, आणि साठाव्या मिनिटाला, म्हणजे अगदी घंटा होता होता, नवनीत कौरने बरोबरी करून दिली. निकाल आधीच कळला होता तरी मी खुर्चीच्या टोकावर. आई म्हणाली, "अगं, झालेला सामना आहे ना तो?" तिला काय सांगणार.

८ सप्टेंबर, सोमवार

सिंगापूर १२-०. पुढे.

१० सप्टेंबर, बुधवार

आज लिहायला बसलेय ती सविस्तर लिहिण्यासाठीच.

सुपर फोरचा, म्हणजे उरलेल्या चार संघांच्या फेरीचा पहिला सामना, कोरियाला ४-२ हरवलं. दुसऱ्याच मिनिटाला वैष्णवी फाळकेने गोल केला. मग संगीता, मग लालरेमसियामी. मधे कोरियाने दोन परत केले, जीव थोडा टांगणीला लागला, आणि एकोणसाठाव्या मिनिटाला ऋतुजाने चौथा मारून दार लावून घेतलं. सामना सातारा जिल्ह्याने उघडला आणि सातारा जिल्ह्यानेच बंद केला. भावाला ठाण्याला फोन करून हे ऐकवलं तर तो म्हणतो, "सातारा? हॉकी?" हो, हॉकी! वैष्णवी फलटण तालुक्यातल्या आसू गावची, शेतकऱ्याची मुलगी. तिथून पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत, म्हणजे सरकारच्या निवासी क्रीडाशाळेत, तिथून भारतीय संघात. आणि ऋतुजाचं म्हणाल तर जानेवारीत रांचीला महिलांची पहिली हॉकी इंडिया लीग झाली, तिच्या फायनलमध्ये ओडिशा वॉरियर्सने सूरमा क्लबला २-१ हरवलं आणि ते दोन्ही गोल या पोरीचे. त्या दिवशी २६ जानेवारी होती. आमच्या चाळीत झेंडावंदन झालं, वडापाव वाटले, आणि महाराष्ट्राच्या मुलीने पहिल्यावहिल्या लीगची फायनल जिंकून दिली हे कोणाच्या गावीही नव्हतं.

रात्री डोक्यात तेच घोळत राहिलं. मुंबईची मुलगी का नाही?

एके काळी हा मुंबईचाही खेळ होता. १९८० साली मॉस्कोला ऑलिंपिकमध्ये महिलांची हॉकी पहिल्यांदा आली, आपला संघ तिथे चौथा आला. (सोनं झिम्बाब्वेने नेलं, हे आजही कोणाला सांगितलं तर थाप वाटते.) त्या संघातली नावं पाहा: एलायझा नेल्सन, सेल्मा डिसिल्वा, लॉरेन फर्नांडिस, मार्गारेट टोस्कानो, हुतोक्षी बागली, नाझलीन मद्रासवाला. सगळ्याच काही मुंबईच्या नव्हत्या, एलायझा पुण्याची. पण नावं वाचली की वांद्र्याची चर्च आणि दादरची पारशी कॉलनी डोळ्यांपुढे येते. कॉन्व्हेंटच्या मैदानांवर नन्स मुलींच्या हातात स्टिक द्यायच्या, पुढे रेल्वेत नोकरी मिळायची, आणि रेल्वेचा संघ म्हणजे जवळपास भारताचाच संघ. एक सरळ वाट होती.

मी स्वतः कॉलेजात लेफ्ट हाफ खेळायचे. फार ग्रेट नव्हते, पण अडवायचे बरी. आमचं मैदान म्हणजे मुरूम. चेंडू कुठे टप्पा घेईल याचा नेम नाही, नडग्या कायम निळ्या. तिकडे १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासूनच हॉकी कृत्रिम टर्फवर गेली होती. टर्फवर पाणी मारतात, चेंडू सरळ आणि सुसाट पळतो, मनगटापेक्षा पायांना आणि फुप्फुसांना जास्त काम. मुरमावर शिकलेली मुलगी तिथे गेली की पहिले काही महिने चेंडू तिच्या स्टिकखालून निघून जाणार. म्हणजे खेळायचं तर टर्फ हवं, टर्फ हवं तर जागा हवी, पाणी हवं, आणि मुंबईत जागा म्हटलं की पुढचं वाक्य बिल्डर बोलतो. चर्चगेटचं हॉकी स्टेडियम आहे, नाही असं नाही. पण दहिसरच्या किंवा मुलुंडच्या बारा वर्षांच्या मुलीने शाळा सुटल्यावर किट बॅग घेऊन संध्याकाळच्या लोकलने चर्चगेटला जायचं आणि रात्री परत यायचं, असं कोणते आईबाप करू देतील? माझ्या भाचीच्या शाळेचं मैदान तर स्कूलबसच्या पार्किंगला कसंबसं पुरतं.

आसूच्या मुलीला गावात काही आयतं मिळालं नव्हतं. पण प्रबोधिनीत राहायला खोली, जेवायला ताट, सकाळी उठलं की समोर मैदान, आणि पुढे रेल्वे किंवा पोलिसात नोकरी लागेल हा भरवसा. मुंबईत एके काळी जी वाट होती तीच आता घाट चढून गेली, असं मला वाटतं. भाऊ म्हणतो मी उगाच मुंबईला दोष देते, इथल्या मुलींना बॅडमिंटन आहे, फुटबॉल आहे, आता क्रिकेटही आहे. असेल. पण मला हॉकीचं बोलायचं होतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

चीनकडून १-४. मुमताजने एक परत केला तेवढाच.

१३ सप्टेंबर, शनिवार

जपानशी पुन्हा बरोबरी, १-१. ब्यूटी डुंगडुंगने सातव्या मिनिटाला आघाडी दिली, ती आपण पन्नास मिनिटं सांभाळली आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला घालवली. मग चीनने कोरियाला हरवलं आणि आपण फायनलमध्ये. ज्यांच्याशी उद्या लढायचं त्यांनीच आज दार उघडून दिलं.

१४ सप्टेंबर, रविवार, रात्री उशिरा

सकाळपासून चाळीच्या ग्रुपवर "आज आशिया कप!" आणि झेंडे. मला क्षणभर बरं वाटलं. मग कळलं, क्रिकेटचा आशिया कप, दुबईत, भारत-पाकिस्तान, रात्री आठला. तोही फायनल नाही, गटातला सामना! मी लिहिलं, "फायनल संध्याकाळी आहे, महिला हॉकी, चीनमध्ये, चीनविरुद्ध." दोन अंगठे आले. एक तळमजल्यावरच्या वहिनींचा, त्या सगळ्यालाच अंगठा देतात.

असो. सामना.

पहिल्याच मिनिटाला पेनल्टी कॉर्नर आणि नवनीतचा गोल! मी इतक्या जोरात ओरडले की तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले, "टॉस झाला का?" म्हणत. त्यांना बसवलं, चहा दिला. कसोटी त्यानंतर सुरू झाली. चीनने घाई केली नाही. अॅलिसन अॅनन त्यांची प्रशिक्षक, पॅरिसला हाच संघ तिने ऑलिंपिक फायनलपर्यंत नेला होता आणि नेदरलँड्सला शूटआऊटपर्यंत झुंजवलं होतं. मागे पडल्याने त्या गडबडत नाहीत. एकविसाव्या मिनिटाला त्यांना पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी मिळाली, ओउ झिशिया.

काकांना मी पेनल्टी कॉर्नर समजावत होते. बचावाला गोलरक्षक धरून पाचच जणी, बाकीच्या मध्यरेषेपलीकडे. चेहऱ्यावर मास्क चढवून पहिली मुलगी थेट फ्लिक मारणारीच्या अंगावर धावत जाते. काका म्हणाले, "म्हणजे चेंडूच्या तोंडीच की हो!" अगदी. मी खेळायचे तेव्हा मास्क नव्हते, त्या धावेचं मला आजही पोटात येतं. मग त्यांनी विचारलं, आपल्याला एवढे कॉर्नर मिळतात, गोल का होत नाहीत? दुखरी नस बरोबर पकडली. पहिला कॉर्नर गोलमध्ये गेला, पण पुढे तो धाक राहिला नाही. दीपिका असती तर समोरच्यांना तिच्यासाठी एक माणूस जास्त ठेवावा लागला असता, आणि मग नवनीतला मोकळीक मिळाली असती.

मध्यंतराला १-१. एक्केचाळिसाव्या मिनिटाला ली हाँगने चीनला आघाडी मिळवून दिली. इथपर्यंत सामना हातात होता. शेवटच्या क्वार्टरला मात्र आपल्या मधल्या फळीचे पाय जड झालेले स्पष्ट दिसत होते. चेंडू मिळाला की पास द्यायला समोर कोणी नाही, आणि गेला की परत धावायला दम नाही. एक्कावन्न आणि त्रेपन्न, दोन मिनिटांच्या अंतराने दोन गोल. ४-१. गुरुवारीही ४-१, आजही ४-१. चीनच्या जागी मी असते तर मला हा स्कोअर पाठ झाला असता.

हरल्याचं दुःख आहेच, पण त्याहून राग जास्त आला तो ज्या ठिकाणी हरलो त्याचा. कौशल्यात त्या आपल्यापेक्षा वरचढ नाहीत. राजगीरला आपण त्यांना गटातही हरवलं आणि फायनललाही. साठ मिनिटं त्याच वेगाने धावणं, एवढ्यात फरक पडला. हे मैदानावर येऊन सुधारत नाही, ते वर्षभर सकाळी सकाळी करायचं काम.

आठ वाजता काका उठून वर गेले. खिडकीतून चाळभर क्रिकेटचा आवाज.

मला १९८२ आठवलं. जानेवारीत बाबांनी चर्चगेटला पुरुषांच्या वर्ल्ड कपला नेलं होतं, पाकिस्तान जिंकला. आणि त्याच वर्षाच्या शेवटी दिल्लीच्या एशियाडमध्ये पुरुषांची फायनल आपण पाकिस्तानकडून १-७ अशी हरलो. तो १-७ माझ्या वयाच्या प्रत्येकाला ठाऊक आहे, घरोघरी जणू सुतक होतं. त्याच एशियाडमध्ये महिलांची हॉकी पहिल्यांदाच होती, आणि आपण सोनं जिंकलं. कर्णधार एलायझा नेल्सन. हे विचारा कोणालाही. आमच्या घरी तरी त्या दिवशी कोणी पेढे आणल्याचं मला आठवत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

पेपरात पहिल्या पानावर क्रिकेट, हस्तांदोलन केलं की नाही केलं याचीच बातमी. हॉकी आतल्या पानावर, कोपऱ्यात, फोटोशिवाय. वर्ल्ड कप पुढच्या ऑगस्टमध्ये, नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये. आता पात्रता फेरी खेळून जावं लागणार. रांचीची जानेवारी २०२४ ची पात्रता फेरी आठवली की अजून पोटात गोळा येतो. घरच्या मैदानावर जपानकडून ०-१ हरून पॅरिस हुकलं होतं.

संध्याकाळी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. कालच्या क्रिकेटबद्दल बोलतील म्हणून मी सरकायला लागले, तर म्हणाले, "त्या दोघी साताऱ्याच्या म्हणालात ना, त्यातली एक फलटणची?" म्हटलं, हो, आसूची. "अहो, मग आमच्या सुनेचं माहेर तिथून जवळच!" पुढचा सामना कधी ते त्यांनी विचारून घेतलं, सुनेला कळवतो म्हणाले. मग हॉकी राहिली बाजूला आणि जिन्यातच फलटणच्या डाळिंबांचा यंदाचा भाव निघाला.