रविवारची तयारी

आजचा अख्खा दिवस दुकानात रविवारच्या तयारीत गेला. सकाळी १० ला मुलांची वही-बांधणी, संध्याकाळी ६ ला कवितावाचन.

बांधणीला प्रत्येकी ए-फोरचे ८ कागद. मधोमध दुमडले की ३२ पृष्ठांची वही होते. घडीवर टोच्यानं ५ भोकं, दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट आणि मेण फिरवलेला. शिवण मधल्या भोकातून सुरू करून तिथंच संपवायची. दोरा घडीच्या दिशेनंच ओढा. स्वतःकडं ओढलात की भोक फाटू शकतं.

पुठ्ठ्याला मैद्याची खळ. बाइंडर किडीसाठी तिच्यात मोरचूद घालतात, पण ते विषारी, मुलांच्या कामात अजिबात नको. खळ पातळ झाली की पुठ्ठा वाकतो, आणि कोल्हापूरच्या पावसाळी हवेत तर लवकर सुकतच नाही. म्हणून वह्या रात्रभर वजनाखाली ठेवायच्या आणि सोमवारी न्यायच्या.

१८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर चालवणारं हे गाव. इथं मुलांना पुस्तक आतून कसं शिवलेलं असतं ते कळायलाच हवं.

कवींना प्रत्येकी ७ मिनिटं. माइक पंख्याखाली ठेवणार नाही, वाऱ्याची घरघर शब्द खाते. मुलांनी जुने कपडे घालून यावं.