गोळी आणि चहा यांच्यामधला अर्धा तास

गालावर वांगाचे डाग दिसायला लागले की बाई आधी आरसा टाळते, मग फोटो टाळते. माझे डाग चाळिशीच्या आसपास सुरू झाले. उजव्या गालावर जास्त, डाव्यावर कमी आणि वरच्या ओठावर एक सावली. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला आमचं केळीच्या वेफर्सचं युनिट आहे. माल बघायला रावेर, यावल, चोपड्यापर्यंत मी स्वतः गाडी चालवत जाते आणि परत आले की कढईपाशी उभी राहते. भेटेल त्या बाईकडे एक उपाय तयार असायचा: बेसन-लिंबू, मुलतानी माती, कच्चं दूध. मी मात्र आधी जळगावच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंची वेळ घेतली. त्यानंतर माझी सगळी सकाळच बदलली, ती कशी ते सांगायचं आहे. यशस्वी बायकांच्या सकाळच्या सवयींवर पुष्कळ वाचायला मिळतं. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीशी ओलांडतो अशा तापीकाठच्या गावात, भाकरी-डबे सांभाळून ते जमवायचं कसं, हे मला कुठे सापडलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी चेहरा खास दिव्याखाली बघितला आणि विचारलं, "गाडी तुम्हीच चालवता का?" आपल्याकडे चालवणारा उजव्या बाजूला बसतो, त्यामुळे खिडकीचं ऊन उजव्याच गालावर येतं. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरण काच अडवते, यूव्हीए मात्र बऱ्याच प्रमाणात आत येतात. काच वर, एसी चालू, म्हणून मी निर्धास्त असायचे आणि ऊन तिथेच काम करत होतं. दुसरं कारण कढईची धग. वांग उन्हाने वाढतो हे सगळ्यांना माहीत असतं. उष्णतेनेही वाढतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या यांचीही चौकशी झाली, कारण हार्मोन्सचा यात मोठा हात असतो. केस गळतात आणि दुपारी अंगात त्राण राहत नाही म्हटल्यावर त्यांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) या तपासण्या लिहून दिल्या.

चेहऱ्यासाठी गेले होते आणि हाती आले रक्ताचे रिपोर्ट. फेरिटिन अगदी तळाला, थायरॉइडचं काम मंदावलेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त. ज्या बाईच्या अंगात रक्तच नाही, तिला चेहऱ्यावर तेज यावं म्हणून सीरम सुचवणं मला आता सहन होत नाही. आधी रक्त तपासा, मग बाटल्या घ्या.

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. आमच्या घरात डोळे उघडले की गॅसवर आधण चढतं. लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायची आणि चहाबरोबर अजिबात नाही, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. ती मी दुपारी जेवणाआधी लिंबूपाण्याबरोबर घेऊ लागले. पण सकाळी गोळी आणि चहा यांच्यामध्ये एक रिकामा अर्धा तास उभा राहिला. तो माझ्याकडे ठेवायचा, की नेहमीसारखा भाकरी-डब्यांना द्यायचा?

मिशेल ओबामा यांनी मुलाखतींत सांगितलं आहे की व्यायामासाठी त्या पहाटे साडेचारला उठायच्या. ते वाचून बायका गजर लावतात. पण व्हाइट हाउसमध्ये त्यांच्या आई मॅरियन रॉबिन्सन नातींकडे बघायला राहत होत्या, हेही तितकंच लक्षात ठेवण्यासारखं आहे. इंद्रा नूयीही मोकळेपणाने सांगतात की आई आणि नातेवाईक मुलींना सांभाळायला नसते तर पेप्सिकोतली वाटचाल जमली नसती. पहाटे उठायला आपल्याकडच्या बायकांना कुणी शिकवायला नको. त्या उठलेल्याच असतात. त्या वेळेला दुसऱ्या कुणाचे तरी हात लागतात, आणि ते मागावे लागतात.

मी मागितले. एका रात्री जेवणं झाल्यावर रिपोर्ट समोर ठेवून घरात सगळ्यांशी बोलले. हे म्हणाले, "पोरांचे डबे मी भरतो, भाज्या तेवढ्या रात्री चिरून ठेव." सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "चहा मी ठेवते. तू बस जरा." भाकऱ्यांना एक मावशी लावल्या. नळाच्या दिवशी पाणी भरायचं काम मोठ्या मुलाकडे गेलं. सुरुवातीला डब्यात कधी मीठ कमी पडलं, कधी भाकरी जाड झाली. मी आत जाऊन हात लावला नाही. तेवढं धरून ठेवावं लागतं, नाहीतर आठवड्याभरात सगळं परत आपल्याच अंगावर येतं.

त्या अर्ध्या तासात मी फार काही करत नाही. गोळी घेते, गच्चीवर ऊन चढायच्या आत थोडं चालते, खांदे-मान मोकळी करते. बोअरच्या जड पाण्यात साबण धड फेसाळत नाही आणि कातडी ओढल्यासारखी होते, म्हणून चेहऱ्याला साधा सौम्य फेसवॉश. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. बेसनाचं उटणं चेहऱ्यापुरतं बंद केलं, कारण घासण्याने डाग गडद होऊ शकतात. लिंबू तर उन्हात जाणाऱ्या बाईने चेहऱ्याला लावूच नये, रस लागलेल्या जागी ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते. मग मॉइश्चरायझर आणि शेवटी सनस्क्रीन.

सनस्क्रीनबद्दल जरा सविस्तर सांगते. ट्यूबवरचा एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीपासून किती संरक्षण मिळतं त्याचा. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतो आणि ५० साधारण ९८ टक्के, म्हणजे फरक थोडाच. यूव्हीएसाठी ट्यूबवर पीए ही अक्षरं आणि त्यापुढची अधिकची (+) चिन्हं बघायची. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्यावं, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही हे डाग वाढतात आणि साधं सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. आपल्या सावळ्या रंगावर ते पांढरंही दिसत नाही. माप असं: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. वाटाण्याएवढं लावून ट्यूबवरचा आकडा मिळत नाही. या मापाने दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. खर्च आहे. म्हणून मी बाकीची सगळी क्रीम्स बंद केली आणि त्यांचे पैसे इकडे वळवले.

निर्यातीच्या केळीच्या घडाला आमच्याकडे बागेतच स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकणारी पिशवी, घालतात, नंतर औषध मारून सालीवरचा डाग जात नाही म्हणून. चेहऱ्याचंही तसंच आहे. सुती स्कार्फ, पूर्ण बाह्यांचा सनकोट आणि गाडीत उजव्या खिडकीला जाळीचा पडदा, हे क्रीमइतकंच महत्त्वाचं. १९६७ ते १९८५ या काळात आमच्या शेजारच्या एदलाबाद मतदारसंघातून, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरातून, प्रतिभाताई पाटील निवडून येत होत्या. डोक्यावर पदर आणि पूर्ण बाह्यांचं ब्लाउज ही त्यांची ओळख राष्ट्रपती भवनापर्यंत कायम राहिली. या उन्हात फिरणाऱ्या बाईसाठी तो पेहराव किती शहाणपणाचा होता, हे मला आत्ता उमगतं.

मध्ये एका पार्लरमध्ये मला एक ट्यूब दाखवली गेली, "पंधरा दिवसांत चेहरा साफ." मी मागची बारीक अक्षरं वाचली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, चेहरा लालबुंद राहतो, बारीक शिरा दिसतात आणि सोडलं की आग होते. माझ्या नणंदेचं नेमकं हेच झालं होतं, तिला चुलीपुढे बसवत नव्हतं. त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइड औषधं २०१८ मध्ये सरकारने शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत. तरी ती मिळतात. पंधरा दिवसांत गोरं करणारी कुठलीही ट्यूब हातात आली तर मागची अक्षरं वाचा. मला डॉक्टरबाईंनी रात्री लावायला ॲझेलेइक ॲसिड हे डाग फिके करणारं औषध दिलं आहे. ते हळू चालतं आणि सुरुवातीला चुणचुणतं.

टिकलीचंही सांगून ठेवते. आमच्या युनिटमधल्या एका बाईच्या कपाळावर टिकलीच्याच जागी पांढरा डाग आला. काही टिकल्यांच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्यूटाइलफिनॉल या रसायनाने असं होतं. जागा खाजली किंवा फिकी वाटली की ती टिकली थांबवायची आणि डॉक्टरांना दाखवायचं.

पावसाळा सरता सरता ओठावरची सावली गेली, डावा गाल स्वच्छ झाला. उजवा फिका झाला आहे, पूर्ण गेलेला नाही, आणि उन्हाळ्यात परत थोडा वर येईल असं डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं आहे. केसांचं गळणं फेरिटिन वर आल्यावर कमी झालं, दुपारची मरगळही. तळणाची पाळी आता दोन बायका आलटून पालटून बघतात, कढईवर मोठा एक्झॉस्ट बसवला आहे आणि मी पॅकिंगच्या बाजूला असते. सनस्क्रीनची एक मोठी बाटली हजेरीच्या टेबलावर ठेवली आहे, पाळीवर येणारी प्रत्येक जण दोन बोटांच्या मापाने लावून आत जाते. रक्ततपासणीची गाडी युनिटवर बोलावता येते का, याची चौकशी सध्या चालू आहे.