अंड्याची परीक्षा

रोहिणीचा पेरा तोंडावर आला की खानापूरकडच्या आमच्या मामाच्या घरात खडेमिठाचा खप एकदम वाढतो. लोणच्यासाठी नव्हे, भाताच्या बियाण्यातले पोकळ, हलके दाणे वेगळे काढण्यासाठी. बादलीभर पाण्यात मीठ विरघळवायचं आणि त्यात एक ताजं अंडं सोडायचं. आधी ते तळाशी आडवं पडून राहतं. मीठ वाढेल तसं एका अंगानं उचलतं, डुलतं आणि सावकाश वर येतं. चार आण्याच्या नाण्याएवढं कवच पाण्याबाहेर दिसलं की मामा म्हणतात, "बस्स, आता मीठ घालू नको."

गंमत अशी की या सगळ्यात अंड्याचं काहीच बदललेलं नसतं. वजन तेच, आकार तोच. बदललं ते पाणी. बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो, हे आर्किमिडीजनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सांगून ठेवलं. साधारण ५५ ग्रॅमचं अंडं पन्नासेक ग्रॅम गोडं पाणी सारतं, म्हणजे चार-पाच ग्रॅमनं कमी पडतं. तेवढी तूट मीठ भरून काढतं. विहिरीत पोहायला शिकताना कमरेला वाळका भोपळा बांधतात तेव्हा याच्या उलट होतं: पाणी तेच राहतं, आपलं आकारमान वाढतं, वजन मात्र फारसं वाढत नाही.

अंडं ताजंच लागतं. शिळ्या अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून उडून जातं, आतली हवेची पोकळी वाढते आणि ते गोड्या पाण्यातही तरंगायला लागतं. त्याच्या भरवशावर राहिलं तर मीठ कमी पडतं आणि परीक्षा होण्याआधीच सगळे दाणे पास.

मग अंडं काढून बियाणं ओतायचं. इथं घाई करणाऱ्याला मामा हात लावू देत नाहीत. कोरड्या भाताचं तूस खरबरीत असतं. त्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटतात आणि चांगला भरलेला दाणाही वर राहतो. "ढवळ की रे, हात घालून ढवळ!" कोपरापर्यंत हात घालून फिरवला की बुडबुडे सुटतात, टपोरे दाणे खाली बसतात आणि वर पोल, अर्धवट भरलेलं, किडकं तेवढं उरतं. ते चाळणीनं काढायचं. तळातलं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवायचं, नाहीतर मीठ उगवणीला बाधतं. मग सावलीत सुकवायचं.

शेती खात्याची शिफारस मात्र दहा लिटरला ३०० ग्रॅम मिठाची असते, म्हणजे तीन टक्के. एवढ्यानं ताजं अंडं जागचं हलणार नाही. त्याला वर आणायला दहा लिटरला किलोभराहून जास्त मीठ लागतं. अंड्याचं पाणी फारच कडक परीक्षक आहे. किंचित हलका, पण उगवू शकला असता असा दाणाही ते नापास करतं. मामांना ते पसंत. रोप दणकट येतं म्हणतात. मामी ३०० ग्रॅमच्या बाजूची. चाळणीतलं नापास भात धुऊन कोंबड्यांपुढे टाकताना ती दरसाल ऐकवते, "मीठ तुमचं, अंडं माझं, आणि बियाणं कोंबड्यांचं!"